दुष्काळाच्या वर्षी हिरवं पान

आजचं वचन: यिर्मया 17:5-10
सोबत वाचा: यिर्मया 14:1-6, यिर्मया 38:1-13, फिलिप्पै 4:6-7



आधी एक विनंती. हे मनन वाचण्याआधी बायबल उघडा, मोबाइलवरचं असलं तरी चालेल, आणि यिर्मयाच्या सतराव्या अध्यायातली ही सहा वचनं सावकाश वाचा. मोठ्याने वाचलीत तर आणखी चांगलं. बसमध्ये असाल, अभ्यासिकेत असाल, वाळूजच्या शिफ्टला निघाला असाल, तरी दोन मिनिटं लागतात. मग इकडे या.

वाचलीत? आता डोळ्यांसमोर दोन चित्रं आणा. एक झुडूप आहे, ओसाड, खाऱ्या जमिनीत उभं असलेलं. दुसरं झाड आहे, पाण्याकाठी लावलेलं, ज्याची मुळं ओढ्याकडे गेलेली आहेत. यिर्मया म्हणतो, जो माणूस माणसाच्या बळावरच आपला सगळा भार टाकतो तो त्या झुडपासारखा, आणि जो परमेश्वरावर भरवसा ठेवतो तो त्या झाडासारखा. त्या झाडाबद्दल तो जे सांगतो, ते आपल्या मराठवाड्यात वाचताना अंगावर काटा येतो: पाऊस नसलेल्या वर्षीही त्याला चिंता नसते, आणि ते फळ द्यायचं थांबत नाही.

पाऊस नसलेलं वर्ष म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. 1972 च्या दुष्काळाच्या गोष्टी आजी-आजोबांनी सांगितल्या असतील: खडी फोडायची कामं, वाटलेली सुकडी, विकलेली गुरं. एप्रिल 2016 मध्ये तर मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते आपण टीव्हीवर पाहिलं. आणि आपलं संभाजीनगर! पन्नासेक किलोमीटरवर पैठणला नाथसागर भरलेला असतो, तरी घरातला पहिला प्रश्न असतो, "आज नळाला पाणी आहे का?" कितव्या दिवशी पाणी येणार याचा हिशोब आई तोंडपाठ ठेवते. पाणी सुटलं की रात्रीचे दोन वाजले असले तरी अख्खी गल्ली उठते. मोटार लावा, हौद भरा, टाकी भरा, पिंप भरा, बादल्या भरा. आणि टाकी भरून सांडेपर्यंत शेजारच्या काकू विचारतात, "आता पुढचं कधी येणार हो?"

हसू येतं, पण त्यात आपल्या मनाचं अगदी खरं चित्र आहे. पाणी समोर पडतंय आणि डोक्यात पुढच्या वेळची काळजी सुरू झाली आहे. यिर्मयाने त्या झुडपाबद्दल नेमकं हेच लिहिलं आहे. सहाव्या वचनाकडे पुन्हा बघा. त्याच्याकडे कधी काही चांगलं येतच नाही, असं तो म्हणत नाही. चांगलं येतं, पण ते त्याला दिसत नाही.

चिंता आपलं असंच करते. रिझल्ट चांगला लागतो, आणि त्याच संध्याकाळी "पुढे मुलाखतीचं काय?" नोकरी लागते, आणि पहिल्याच आठवड्यात "कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही तर?" पप्पांचा रिपोर्ट नॉर्मल येतो, आणि आपण गूगलवर पुढचा आजार शोधत बसतो. देवाने दिलेली भाकर हातात असते, पण ती खायला मन जागेवर नसतं. म्हणून शांतीचा प्रश्न फक्त "माझी अडचण कधी सुटेल?" एवढाच नाही. अडचण सुटली तरी शांती येईल याची खात्री नाही. खरा प्रश्न आहे, माझी मुळं कुठे पाणी पितात?

ऊन दोघांनाही लागतं

या वचनातली एक गोष्ट आपण घाईत सोडून देतो. आठव्या वचनात ऊन येतं. दुष्काळाचं वर्ष येतं. आणि ते कुणाकडे येतं? पाण्याकाठच्या झाडाकडे! विश्वास ठेवणाऱ्याकडे!

मित्रांनो, आपल्यापैकी अनेकांच्या मनात एक चुकीची शिकवण घट्ट बसली आहे. "विश्वास पक्का असेल तर टेन्शन येणारच नाही." "प्रार्थना केलीस ना? मग रडतेस कशाला?" कुणीतरी प्रेमाने असं बोलून जातं आणि आधीच घाबरलेल्या माणसाच्या डोक्यावर आणखी एक ओझं ठेवून जातं. आता त्याला परीक्षेची भीती आहे, आणि भीती वाटते म्हणजे आपला विश्वास खोटा, ही दुसरी भीतीही आहे.

पवित्र शास्त्र असं बोलत नाही. झुडूप आणि झाड एकाच उन्हात उभे आहेत. आकाश दोघांवरही कोरडं आहे. फरक जमिनीखाली आहे, जिथे कुणाची नजर जात नाही.

आणि हे लिहिणारा यिर्मया कोण होता? एसीच्या खोलीत बसून "चिल करा" सांगणारा माणूस नव्हे. तीनच अध्याय मागे जा, चौदाव्या अध्यायात. यहूदामध्ये दुष्काळ पडला आहे. मोठ्या घरचे लोक नोकरांना पाण्याला पाठवतात, नोकर हौदांपर्यंत जातात आणि रिकामी भांडी घेऊन, तोंड झाकून परत येतात. जमिनीला भेगा पडल्या आहेत. शेतकरी हताश आहेत. चारा नाही म्हणून हरिणीसुद्धा आपलं पाडस टाकून जाते. हे वाचताना मराठवाड्यातलं मे महिन्यातलं एखादं गाव डोळ्यांसमोर येत नाही का? दुष्काळ पाहिलेला माणूसच दुष्काळातल्या हिरव्या पानाबद्दल लिहितो आहे.

पुढे तर याहून वाईट झालं. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातला होता. यिर्मया खरं बोलला म्हणून अधिकाऱ्यांनी त्याला धरलं आणि दोरांनी एका हौदात सोडलं. अडतिसाव्या अध्यायात स्पष्ट लिहिलं आहे की त्या हौदात पाणी नव्हतं, चिखल होता, आणि यिर्मया त्या चिखलात रुतला. पाण्याकाठच्या झाडाचं वचन ज्याला मिळालं, तोच कोरड्या हौदाच्या तळाशी! विसाव्या अध्यायात तर तो आपल्या जन्मदिवसालाच शाप देतो, इतका तो खचला होता. देवाने ते पान पुस्तकातून काढून टाकलं नाही. ज्याने "मला जगायचंच नव्हतं" असा आक्रोश केला, त्याचं नाव देवाने आपल्या संदेष्ट्यांच्या यादीतून खोडलं नाही.

म्हणून, आज रात्री छाती धडधडते म्हणून झोप येत नसेल, तर एवढं नक्की समज: तू विश्वासाबाहेर पडलेला नाहीस. तू उन्हात उभा आहेस. ऊन खरं आहे. आता आपण मुळांकडे जाऊ.

जमिनीखालचं पाणी

आपल्या शहराची सुरुवातच पाण्याच्या प्रश्नापासून आहे. मलिक अंबरने 1610 मध्ये इथे खडकी वसवली. गाव वसवायचं तर पाणी हवं. त्याने वरच्या डोंगराकडचं पाणी जमिनीखालून शहरापर्यंत आणलं. तीच नहर-ए-अंबरी. पुढे पाणचक्कीलाही असंच पाणी आलं, दूरच्या झऱ्यापासून मातीच्या पाइपांतून, नजरेआड. पाणचक्कीला आपण शाळेच्या सहलीत सगळेच गेलो आहोत. उंचावरून पडणारं पाणी दिसतं, त्याच्या जोरावर जातं फिरायचं आणि पीठ दळलं जायचं. पण ते पाणी जिथून निघतं आणि ज्या वाटेने येतं, ते तिथे उभं राहून दिसत नाही. वरून बघणाऱ्याला फक्त खडक आणि रस्ता.

गावाकडची जुनी माणसं विहीर खोदायच्या आधी उंबर कुठे आहे ते बघायची. उंबर हिरवा आहे म्हणजे खाली पाणी असणार, असा त्यांचा अंदाज. भर उन्हाळ्यात सगळं रान करपलेलं असताना तो एकटा हिरवा कसा? तो आभाळावर अवलंबून नाही. त्याने आधीच खाली वाट शोधून ठेवली आहे.

"आधीच" हा शब्द लक्षात ठेवा. मूळ एका रात्रीत ओढ्यापर्यंत पोहोचत नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी, ऑपरेशन थिएटरच्या बाहेर, नोकरी गेल्याचा मेल आल्यावर आपण देवाकडे धावतो. धावावंच, तो दार बंद करत नाही. पण जी मुळं रोज थोडी थोडी खाली जातात, तीच त्या दिवशी पाणी देतात. रोजचं एक वचन, सकाळची पाच मिनिटांची प्रार्थना, रविवारची उपासना, मंडळीतल्या तरुणांच्या सभेत मोकळेपणाने सांगितलेली आपली अडचण. हे सगळं साधं वाटतं. त्याची कुणी स्टोरी टाकत नाही. पण मुळं अशीच वाढतात, अंधारात, कुणी लाइक न करता.

दुसऱ्या अध्यायातही यिर्मया पाण्याचंच बोलतो. देवाची तक्रार आहे की माझ्या लोकांनी जिवंत पाण्याचा झरा सोडला आणि स्वतःसाठी हौद खोदले, तेही फुटके. आपले हौद कोणते? दर दहा मिनिटांनी उघडून बघितलेला फोन. बँकेतला आकडा. कट-ऑफ. एका व्यक्तीचा "ऑनलाइन" दिसणारा हिरवा ठिपका. यांतली एकही गोष्ट पाप नाही. पैसे लागतात, मार्क लागतात, माणसं तर लागतातच. पण त्यांच्याकडून जिवंत पाण्याची अपेक्षा केली की ते गळू लागतात. आपण भरत राहतो आणि ते रिकामे होत राहतात.

मग पाचव्या वचनात माणसावर भरवसा ठेवणाऱ्याबद्दल इतके कडक शब्द का? माणसांची मदत घ्यायचीच नाही का? याचं उत्तरही यिर्मयाच्या आयुष्यातच आहे. त्या चिखलाच्या हौदातून त्याला कुणी काढलं? राजवाड्यातला एक सेवक, एबद-मलेख नावाचा कूशी माणूस. कूश म्हणजे आजच्या इजिप्तच्या दक्षिणेकडचा आफ्रिकेचा प्रदेश. तो राजाकडे गेला, बोलला, माणसं घेऊन आला. आणि त्याने काय केलं ते बघा: जुनी फडकी, चिंध्या गोळा करून दोराबरोबर खाली सोडल्या आणि यिर्मयाला म्हणाला की या काखेत घाल, मग दोर बांध. म्हणजे वर ओढताना दोर काचू नये. केवढी ती माया! देवाने आपल्या सेवकाला आकाशातून हात खाली घालून काढलं नाही. त्याने परक्या देशातल्या एका माणसाच्या हाती दोर आणि चिंध्या दिल्या. (आपल्या शहरासाठी पाणी आणणारा मलिक अंबरही आफ्रिकेतूनच, हबशी देशातून आलेला. परक्या म्हटल्या जाणाऱ्या माणसांच्या हातून देव किती लोकांची तहान भागवतो!)

देवावर भरवसा ठेवायचा आणि माणसाने सोडलेला दोरही धरायचा. दोन्ही एकाच विश्वासात बसतं.

जिने उपासमार पाहिली होती

"हे सगळं बायबलच्या काळात ठीक, आज काय?" असं वाटत असेल तर आपल्याच मातीतल्या एका बाईकडे बघू. पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान, पण त्यांचं कुटुंब तीर्थोतीर्थी फिरत पुराणं सांगून जगायचं. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात घरातलं सगळं संपलं. थोड्याच काळात वडील गेले, मग आई गेली, मग मोठी बहीण गेली. उपाशीपोटी. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी हिंदुस्थानभर फिरले. पंजाबात झेलम नदीकाठी थंडी असह्य झाली आणि पांघरायला काही नव्हतं, तेव्हा दोघांनी वाळूत खड्डे खणले आणि फक्त डोकं बाहेर ठेवून अंगावर वाळू ओढून घेतली. पुढे भाऊही गेला. लग्नानंतर दोन वर्षांच्या आतच, 1882 मध्ये, पती बिपिन बिहारी मेधावी गेले. मांडीवर लहानगी मनोरमा. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि 1889 मध्ये मुंबईत त्यांनी शारदा सदन सुरू केलं.

आता पुढचं नीट वाचा. 1896 च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंना दुष्काळ हा शब्द पेपरातून कळलेला नव्हता. आई-वडिलांचे भुकेने खोल गेलेले डोळे त्यांनी पाहिले होते. घरातच राहायला त्यांच्याइतकं सबळ कारण दुसऱ्या कुणाकडे होतं? पण त्या तिथे गेल्या. तिथल्या भुकेलेल्या, निराधार मुलींना घेऊन आल्या, सुमारे तीनशे मुली. पुण्याहून दौंडकडे जाताना लागणाऱ्या केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभं राहिलं. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि ही संख्या दीड हजारांच्या पुढे गेली.

एवढ्या मुलींना रोज दोन वेळा जेवायला घालायचं म्हणजे काय, याचा विचार करा. तिथे प्रार्थना होती आणि कामही होतं. शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता, शाळा होती. रमाबाईंचा विश्वास गुडघ्यांवर आणि शेतात दोन्हीकडे दिसायचा. शेवटची अनेक वर्षं त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं साध्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली, म्हणजे खेड्यातल्या बाईलाही ते वाचता यावं. 1921 मध्ये मनोरमा गेली, उजवा हात गेला. आईने तरीही भाषांतराचं काम सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्या प्रभूकडे गेल्या.

या बाईच्या आयुष्यात ऊन कमी झालं का? नाही. शेवटपर्यंत एकेक माणूस जातच राहिलं. पण ज्या दुष्काळाने तिचं घर खाल्लं, त्याच दुष्काळात ती शेकडो मुलींसाठी सावली झाली. यिर्मया म्हणतो ते झाड फळ द्यायचं थांबत नाही, ते असं. फळ झाड स्वतः खात नाही, लक्षात आलं का? फळ दुसऱ्यासाठी असतं. शांतीची खूण फक्त "मला आता छान वाटतंय" एवढीच नसते. माझ्या कठीण वर्षातही माझ्याजवळ बसलेल्याला थोडी सावली मिळाली, हीसुद्धा शांतीच आहे.

"मी प्रार्थना करते, तरी धडधड थांबत नाही"

हा प्रश्न खरा आहे, त्याला टाळून पुढे जायला नको.

पहिलं, फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय. पौल सांगतो की चिंता करत बसण्यापेक्षा प्रत्येक गोष्ट प्रार्थनेत, उपकारस्तुतीसह देवाला कळवा. आणि मग? मागितलेलं लगेच मिळेल, असं तो तिथे लिहीत नाही. समजेपलीकडची देवाची शांती तुमची मनं आणि विचार राखेल, असं लिहितो. या "राखणे"साठी पौलाने वापरलेला ग्रीक शब्द सैनिकी आहे, ठाण्यावरचा पहारा. फिलिप्पै ही रोमी वसाहत, निवृत्त सैनिकांचं गाव. त्यांना पहारा म्हणजे काय ते चांगलं माहीत होतं. आणि लिहिणारा स्वतः बंदिवासात आहे! म्हणजे दारावर रोमी पहारा आणि मनावर देवाचा. पहारेकरी दारात उभा असतो याचा अर्थ बाहेर शत्रूच नाही, असा होत नाही. शत्रू आहे म्हणून तर पहारा आहे. भीतीचे विचार दार ठोठावतील. पण घराचा ताबा त्यांच्याकडे नाही.

दुसरं, आजच्या वाचनातलं नववं-दहावं वचन. झाडाच्या सुंदर चित्रानंतर लगेच यिर्मया म्हणतो की माणसाचं हृदय फार फसवं आहे, ते कळणं कठीण, पण परमेश्वर ते तपासतो, जाणतो. हा केवढा दिलासा आहे! रात्री दोन वाजता माझं मन मला सांगतं, "सगळं संपलं, देवाने तुला सोडलं." त्या मनाचं प्रत्येक म्हणणं खरं मानायचं कारण नाही. मला शांत वाटतं की नाही, यावर देवाची हजेरी ठरत नाही. थर्मामीटर बिघडला म्हणून सूर्य विझत नाही.

तिसरं, शरीर. एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत बसला होता (1 राजे 19). देवदूताने त्याला आधी प्रवचन दिलं नाही. झोपू दिलं, भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल, जेवण जात नसेल, अचानक श्वास अडकल्यासारखा होत असेल, जगावंसं वाटत नसेल, तर डॉक्टरकडे जा. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणं म्हणजे अविश्वास नव्हे. एबद-मलेखचा दोर आठवा. टेलि-मानस ही सरकारची मोफत फोनसेवा आहे, 14416, मराठीतही बोलता येतं. आणि आपल्या पाळकांना, मंडळीतल्या एखाद्या विश्वासू ताईला, दादाला सांगा. मंडळीतल्या मोठ्यांनाही विनंती: कुणी असं सांगायला आलं तर वचनाचा दोर सोडताना काखेत घालायच्या चिंध्याही सोबत सोडा. नुसता दोर काचतो.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. आपला प्रभू गेथशेमानेमध्ये स्वतः व्याकूळ झाला. घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता, असं लूक लिहितो. त्याने पित्याला "हा प्याला टळो" असं विनवलं, आणि शेवटी स्वतःला पित्याच्या इच्छेवर सोपवलं. वधस्तंभावर तर जिवंत पाणी देणाऱ्याला स्वतःला तहान लागली. आपल्या उन्हातली एकही जागा अशी नाही जिथे तो आधी उभा राहिलेला नाही. आपण कुठल्यातरी दूरच्या, थंड आकाशावर भरवसा ठेवत नाही. आपली मुळं त्याच्यात आहेत, जो मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला.

सतरा शेकेलचं शेत

शेवटी एक काम. यिर्मयाने वेढ्याच्या काळात, पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत असताना, एक अजब व्यवहार केला (अध्याय 32). चुलतभाऊ हनामेल याच्याकडून अनाथोथचं शेत विकत घेतलं, सतरा शेकेल रुपे मोजून. शहर पडायच्या बेतात, बाहेर शत्रूचं सैन्य, आणि हा जमीन घेतो आहे! रीतसर साक्षीदार, सही-शिक्का, आणि कागद मातीच्या मडक्यात जपून ठेवायला बारूखला दिले. कारण देवाने सांगितलं होतं की या देशात पुन्हा घरं, शेतं, मळे विकत घेतले जातील.

भरवसा असाही असतो. भीती पूर्ण जाईपर्यंत थांबायचं नाही. भीती असतानाच देवाच्या उद्याला शोभेल असं एक छोटं काम आज करायचं. फॉर्म भरायचा राहिला असेल तर भर. आजारी आईजवळ फोन बाजूला ठेवून अर्धा तास बस. जो मित्र तुझ्याइतकाच घाबरला आहे त्याला चहाला बोलाव. ज्याच्याशी बोलणं तुटलं त्याला एक मेसेज कर. उद्याची काळजी उद्यावर सोडायला येशूने मत्तयाच्या सहाव्या अध्यायात सांगितलं, पण आजचं काम त्याने आपल्यावरच सोडलं आहे.

आणि हो, आज पाण्याची पाळी असेल तर टाकी जरूर भरा. भरताना एक मिनिट थांबा, पडणाऱ्या पाण्याकडे बघा, आणि "प्रभू, आजचं मिळालं, तुझे आभार" एवढं म्हणा. चांगलं आलेलं दिसायला लागणं, तिथूनच सुरुवात होते.

मननासाठी

1. या आठवड्यात माझ्याकडे कोणतं चांगलं आलं, जे चिंतेमुळे मला दिसलंच नाही?
2. माझा फुटका हौद कोणता? मी कशाकडून जिवंत पाण्याची अपेक्षा करतो आहे?
3. मला कुणाचा दोर धरायची गरज आहे? आणि मी कुणासाठी दोर आणि चिंध्या घेऊन जाऊ शकतो?

प्रार्थना

हे प्रेमळ स्वर्गीय पित्या, तू जिवंत पाण्याचा झरा आहेस. आमच्या मनातली भीती तुझ्यापासून लपलेली नाही. परीक्षा, नोकरी, घरातलं आजारपण, कर्ज, एकटेपणा, हे सगळं आम्ही नाव घेऊन तुझ्यापुढे ठेवतो. आमची मुळं तुझ्याकडे वळव. ज्यांना आज प्रार्थनेचे शब्दही सुचत नाहीत, त्यांच्या वतीने आम्ही मागतो. त्यांच्याजवळ कुणाला तरी पाठव. डॉक्टरांच्या, समुपदेशकांच्या, पाळकांच्या हातांना आशीर्वाद दे. आमच्या मराठवाड्यावर पाऊस पाड, आणि पाऊस लांबला तरी आमची पानं हिरवी ठेव, म्हणजे कुणाला तरी आमच्याखाली सावली मिळेल. आमच्या मनांवर तुझ्या शांतीचा पहारा असू दे. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.

देवाची शांती तुम्हां सर्वांबरोबर असो.